जाड तेल, पातळ तेल

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डाक्टरीणबाई मायदेशी गेल्या आणि त्यांची मोटार मागं राहिली. मोटार म्हणजे दोन दारांचा पत्र्याचा डबाच होता. पुढं दोघं बसायची. मागं एखादं माणूस अंग चोरून बसलं तर बसायचं, नाहीतर बाळंतपणाची पेटी आणि पाण्याचा डबा. जाण्याआधी तीन महिने बाईंनी मला जुन्या छावणीच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवली. मी तेव्हा पंचविशीची होते, नर्सची परीक्षा पास झालेली, आणि हिंगोलीत मोटार चालवणारी बाई म्हणून लोकांनी माझ्याआधी त्यांनाच काय ते पाहिलं होतं. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिलं. बाकी काही विसरलीस तरी चालेल, तेलाचं पान विसरू नकोस, असं त्या म्हणाल्या.

ते पान मी इतक्या वेळा वाचलं की पुस्तक हातात घेतलं की तिथंच उघडायला लागलं. उन्हाळ्यात किती जाडीचं तेल, थंडीत त्याहून पातळ कोणतं, किती मैलांनी जुनं काढून टाकायचं, सगळं छापलेलं होतं. जाडीचा आकडा होता, तेलाचं नाव होतं. ते हिंगोलीत कुठं मिळतं एवढंच छापलेलं नव्हतं. बाईंनी ठेवलेले दोन डबे मी वर्षभर पुरवले. ते संपले आणि माझ्या तकलिफीला सुरुवात झाली.

गाडी मला मिळाली तेव्हाच तिचं इंजन झिजलेलं होतं. मागून निळा धूर निघायचा आणि जळक्या तेलाचा वास पदराला बसायचा, तो धुतला तरी जायचा नाही. रोज सकाळी तेल मोजायची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, परत बुडवायची आणि बघायचं. नरसीला जाऊन आलं तरी पट्टीवर फरक दिसायचा. नरसीच्या रस्त्यावरचे दुकानदार मला बघून नाकाला उपरणं लावायचे. बायका मात्र लांबून धूर दिसला की बाई आल्या म्हणून चुलीवर पाणी ठेवायच्या. हे मला फार नंतर एकीनं सांगितलं, नाहीतर मी त्या धुरावर इतकी चिडले नसते.

बाजारात असलं तेल ठेवणारं एकच दुकान होतं. घासलेट, बैलगाडीचं वंगण आणि जिनिंगच्या इंजनात घालायचं तेल, असा त्याचा माल. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण मी काही विचारलं की तो माझ्या खांद्यावरून मागं बघायचा, तिथं कुणी पुरुष उभा आहे का म्हणून. मी पुस्तकातला आकडा कागदावर लिहून नेला होता. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा केला, परत दिला आणि आतून काळपट हिरव्या तेलाचा डबा आणून ठेवला. काठी बुडवून वर काढली तर तेल तुटेना, पाकासारखी तार लोंबत राहिली. मी म्हटलं, हे फार जाड आहे. त्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला की जुन्या इंजनाला जाडच तेल लागतं, म्हाताऱ्या माणसाला घोंगडं लागतं तसं. मी रिकाम्या हातानं परत आले.

दवाखान्यात तेव्हा नवे डॉक्टरसाहेब आले होते. हात हलका, निदान चोख, गावात मान होता. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. सकाळी मी गाडी सुरू केली की धूर थेट पेशंटांच्या व्हरांड्यात शिरायचा आणि दमेकरी खोकायला लागायचे, त्यामुळे त्यांचा गाडीवर राग होता. तो गैर होता असं म्हणवत नाही. त्यांनी परस्पर त्याच दुकानात चौकशी केली आणि एका दुपारी ते जाड तेलाचे दोन डबे दवाखान्याच्या पायरीवर येऊन पडले.

मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी उभ्या उभ्या ते पान वाचलं, सगळं वाचलं, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"हे नव्या गाडीसाठी लिहिलंय," ते म्हणाले. "तुमची गाडी नवी आहे का?"

 प्रश्न चुकीचा असता तर मी भांडले असते.

गावात इंजनातलं खरोखर कळणारा माणूस एकच होता, जिनिंग फॅक्टरीतला मिस्त्री. पन्नाशीचा, मुसलमान, तीन पिढ्या हिंगोलीतच लोखंडाचं काम करणारं घर. मी त्याला बोलावणं धाडलं. तो शुक्रवारची नमाज आटोपून आला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि गाडीच्या कुशीतला एक लहानसा स्क्रू काढून मला जवळ बोलावलं. आत बारीक भोक होतं.

"बाई, हे भोक बघा," तो म्हणाला. "सुई जाईल, दाभण न्हाई जाणार. तेल ह्यातनं उडून फिरत्या दांड्यावर पडतं. जाड तेल उन्हाळ्यात जाईल बी एखाद्या वक्ताला. आता पौष येऊन राहिला. बराबर न्हाई हे."

मी म्हटलं, हेच डॉक्टरसाहेबांना सांगा. तो जरा घुटमळला. मग गेला आणि दारातच उभं राहून दोन वाक्यांत सांगून आला. साहेबांनी ऐकून घेतलं, पंधरा दिवस वापरून बघू असं म्हणाले, आणि पुढचा पेशंट आत बोलावला. मिस्त्री गेला. डबे पायरीवरच होते. माझ्यापाशी दुसरं तेल नव्हतं आणि पट्टी जवळजवळ कोरडी निघत होती. कुरुंद्याला एक अवघडलेली बाई दिवस मोजत होती. मी जुनं तेल काढलं आणि जाड तेल ओतलं. कुणी माझा हात धरून ओतायला लावलं नव्हतं. इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला त्याचाच राग येतो.

आणि धूर थांबला. अगदी दुसऱ्या दिवशी. साहेब व्हरांड्यात उभं राहून गाडीकडं बघत होते आणि हसत होते, त्यात कुजकेपणा नव्हता, नुसतं समाधान होतं. गाडीत हातातल्या चाकापुढच्या फळीवर एक छोटं बटण होतं. इंजनात तेलाचा जोर आला की ते बाहेर यायचं. पातळ तेलावर ते अर्धवट यायचं, आत-बाहेर करायचं. जाड तेलावर ते टच्च बाहेर आलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं, आपण उगीच भ्यालो. तेल आत अडून बसलं तरी बटण असंच बाहेर येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी दिवस उगवायला जवळा बाजार गावाहून एक माणूस दवाखान्यात आला. कापसाच्या लॉरीत बसून आला होता. त्याच्या भावजयीला आदल्या दुपारपासून कळा येत होत्या, पहिलटकरीण होती, आणि गावातल्या सुइणीनंच त्याला पाठवलं होतं. त्याच्या घरच्यांनी औंढ्याला बैलांची दमणी आणून उभी केली होती. उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं औंढ्यापर्यंत जाऊ आणि तिथून दमणीनं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, सर्व्हिस मोटारीला सुटायला तास आहे, माझी गाडी तोवर निम्म्या वाटेत असेल.

थंडी मोठी होती. हँडल फिरता फिरेना. त्यानं मारलं, मी मारलं, परत त्यानं मारलं. इंजन सुरू झालं तेव्हा आमची दोघांची अंगं घामानं भिजली होती. बटण बाहेर आलं. मी इंजन तापायची वाट न बघता गाडी सोडली.

औंढ्यात दमणी दिसली. देवळाकडच्या झाडाखाली बैल सोडून गाडीवान बसला होता. दिरानं हात करून त्याला मागून यायला सांगितलं आणि आम्ही थांबलो नाही. पुढं कोस-दीड कोस गेलो असू तेव्हा इंजनातून ठकठक ऐकू यायला लागली. दगडावर कुणी हातोडी हळूच आपटावी तशी. ती कशाची हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताबडतोब थांबा असंही वाचलं होतं. मी बटणाकडं बघितलं, ते बाहेर होतं. मी स्वतःला म्हटलं, तेल फिरतंय, दुसरं काही तरी असेल, आणि गाडी हळू केली पण थांबवली नाही. दोन्ही बाजूंना हुरड्यावर आलेली ज्वारी होती आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ठकठक वाढत गेली. मग खालून मोठा आवाज झाला, गाडीला हिसका बसला आणि इंजन बंद पडलं. खाली उतरून बघितलं तर तेलाचा ओघळ धुळीत सावकाश पसरत होता. तेव्हाही तो धड वाहत नव्हता.

दिरानंही वाकून खाली बघितलं. मग त्यानं विचारलं, "बाई, आता?"

मी म्हटलं, दमणी मागून येतेच आहे. पण आम्ही न थांबता पुढं गेल्यावर, आता आपली गरज नाही, निवांत निघू, असं गाडीवानाला वाटलं होतं. त्यानं बैलांना वैरण घातली होती. आम्ही पेटी दोघांत धरून चालायला लागलो. दमणीनं आम्हाला गाठलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.  दीर वाटेत गाडीवानावर दोनदा ओरडला.

आम्ही पोचलो तेव्हा मूल झालं होतं. मुलगा होता, फडक्यात गुंडाळून सुपात ठेवला होता, रडत होता. बाईचं रक्त थांबत नव्हतं. सुईण थकून भिंतीला टेकली होती, तिचे हात कोपरापर्यंत भरले होते. तिनं माझ्याकडं बघून एवढंच म्हटलं की अर्ध्या प्रहरापासून असंच चाललंय. मी इंजेक्शन दिलं, पोटावरून हातानं दाबून धरलं आणि तशीच बसून राहिले. बाईचे ओठ पांढरे पडले होते. ती मला ओळख नसताना सारखी आई आई म्हणत होती. उन्हं कलायच्या सुमारास रक्त थांबलं. नाडी बारीक होती, पण होती.

मग तिची सासू चहा घेऊन आली. कपबशी माझ्यापुढं ठेवून ती समोर बसली. रागावलेली नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं.

"बाई, आमी दमणी धाडली व्हती ना," ती म्हणाली. "सर्व्हिसनं यायचं सोडून तुमी ह्या डबड्यात काहून बसल्या?"

मी चहा प्यायले. तेल जाड होतं म्हणून, हे उत्तर तिथं देता येण्यासारखं नव्हतं. मी दोन दिवस तिथंच राहिले. ती बाई वाचली, पण तिला उठून बसायला महिना लागला आणि अंगावर दूध आलं नाही. ते लेकरू शेळीच्या दुधावर वाढलं.

गाडी बैल जोडून हिंगोलीला ओढत आणली. मिस्त्रीनं इंजन उघडलं. दांड्यावरचा मऊ धातूचा लेप पार वितळून गेला होता आणि ती बारीक भोकं कोरडी होती. तळाशी तेल काकवीसारखं बसलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर मला हलकं वाटलं असतं. त्यानं फक्त बोटावर थोडं तेल घेतलं, मला दाखवलं आणि फडक्याला पुसलं.

डॉक्टरसाहेब येऊन बघून गेले. गाडी जुनीच होती, असं म्हणाले. मला तेव्हा राहवलं नाही.

"साहेब, तिथं एक बाई मरता मरता राहिली," मी म्हटलं. "गाडी जुनी होती हे मला माहीत होतं. तेल कुठलं घालायचं तेही माहीत होतं. मी तुमचं ऐकलं."

त्यांनी इंजनाकडं परत एकदा बघितलं. मग म्हणाले, "यापुढं तेल तुम्हीच बघा." त्यात माफी नव्हती. एक कटकट अंगावरून उतरवल्यासारखं ते बोलले.

लढाईमुळं लेपाचा धातू मिळेना. मिस्त्रीनं कुठून कुठून तुकडे जमवून, वितळवून, तासून तो बसवला, त्यात अडीच महिने गेले. तोवर मी सर्व्हिस मोटारीनं, दमणीनं, आणि नरसीला तर पायीसुद्धा गेले. गाडी उभी राहिल्यावर मी स्वतः वऱ्हाडात वाशिमला जाऊन पातळ तेलाचा डबा आणला. येताना हैदराबाद संस्थानच्या हद्दीच्या नाक्यावर कारकुनानं डबा उघडायला लावला, आत बोट घातलं, हुंगलं आणि हे खायचं आहे का असं विचारलं. नर्सबाईकडं इंजनाचं तेल कशाला, हे त्याला पटवता पटवता सर्व्हिस मोटार निघून गेली. मी डबा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले.

पातळ तेल घातलं आणि धूर परत आला. दमेकरी परत खोकायला लागले. साहेब आता नुसती खिडकी लावून घेत. त्या खिडकीच्या आवाजानं माझं डोकं उठायचं. मी गाडी आवाराबाहेर लिंबाखाली ठेवायला लागले आणि पेटी तिथपर्यंत वाहून न्यायला लागले. दर डब्याला तीच पायपीट. कधी वाशिमला तेल नसायचं, कधी असायचं पण डब्यावरचा कागद फाटलेला, जाडीचा आकडाच गेलेला. मग मी थेंब काचेवर टाकून, काच तिरकी धरून, तो किती वेळात खाली येतो ते बघायची. दुकानदारानं एकदा एरंडेल घालून बघा म्हणून सुचवलं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, चार दिवस झकास चालेल, मग आत डिंक होईल.

लढाई संपली. लष्कराचा उरलेला माल बाजारात यायला लागला तसा आमच्या दुकानातही एका हिवाळ्यात खाकी डबे आले. डब्यावर आकडा स्वच्छ छापलेला होता आणि तो माझ्या पुस्तकातलाच होता. मी दोनदा पडताळून बघितला. दुकानदार म्हणाला की हे नवीन तऱ्हेचं तेल आहे, इंजन आतून साफ ठेवतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हवं ते तेल हिंगोलीच्या बाजारात मिळत होतं. मिस्त्री त्या आठवड्यात लग्नासाठी वसमतला गेला होता. तो येईपर्यंत मी थांबू शकले असते. घाई कसलीच नव्हती. पण मला आता तेलातलं कळत होतं, असं मला वाटत होतं.

आठ दिवसांनी कुरुंद्याच्या वाटेवर तीच ठकठक ऐकू आली. ह्यावेळी मी तिथल्या तिथं इंजन बंद केलं आणि पुढं पायी गेले. बाळंतपण सुखरूप झालं, मी वेळेत पोचले होते. परत येऊन गाडीपाशी उभी राहिले तर मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

मिस्त्रीनं ते बारीक स्क्रू काढले, तार घातली आणि आतून काळे दाणे बाहेर काढले, फोडणीत जळालेल्या मोहरीसारखे. तो बराच वेळ ते तळहातावर फिरवत राहिला.

"बाई, हे तेल साबणासारखं हाय," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची घाण आत चिकटून बसली व्हती, ती ह्यानं सोडवली. अन् ती येऊन बसली भोकात. नव्या इंजनाला चांगलंच हाय हे."

मी विचारलं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का.

"न्हाई," तो म्हणाला. "मलाबी आजच कळलं."

म्हणजे आकडा बरोबर, पुस्तक बरोबर, तेल नवं आणि चांगलं, आणि तरी चुकलंच. ते पुस्तक नव्या गाडीसाठी लिहिलं होतं, हे साहेबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं निघालं. मी ते त्यांना जाऊन सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण माझ्यानं झालं नाही.

त्या वेळी दांड्यावरचा धातू शाबूत राहिला होता. आम्ही इंजन दोनदा धुतलं, तेल गाळायची जाळी साफ केली, आणि मिस्त्रीनं वाशिमच्या तेलात फॅक्टरीतलं थोडंसं जाड तेल मोजून मिसळून दिलं. उन्हाळ्यात तीन वाटे पातळ आणि एक वाटा जाड, थंडीत जाड अजिबात नाही. धूर थोडा कमी झाला. गाडी त्याच्यावर वर्षभर चालली. असलं काही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी पाहिलं नाही, आणि ते बरोबर होतं का हेही मला सांगता येणार नाही. चाललं एवढं खरं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यापासून पेट्रोल मिळेनासं झालं. रस्ते बिघडले, हद्दीचा नाका ओलांडून वाशिमला जाणं तर सुटलंच. लुटालुटीच्या भीतीनं लोक सांजेच्या आत घरात शिरायचे. गाडी लिंबाखाली उभी होती. पावसाळ्याच्या शेवटी संस्थानात फौजा आल्या, राज्य बदललं, आणि काही आठवडे गावात कोण कुठं गेलं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी मिस्त्रीच्या घरी गेले तर दाराला बाहेरून कडी होती आणि अंगणात कोंबडीसुद्धा नव्हती. शेजारची बाई म्हणाली की बायकापोरं घेऊन हैदराबादला मेव्हण्याकडं गेले. परत येतील का, विचारलं तर ती आत निघून गेली.

पेट्रोल परत मिळायला लागल्यावर मी एकटीनंच गाडी सुरू करायचा प्रयत्न केला. हँडल अडलं होतं. जिनिंगमध्ये नवा माणूस आला होता, त्याला दाखवावी असं साहेब म्हणाले. तो आला, वरचं झाकण न उघडता म्हणाला, जुनी गाडी आहे, जाड तेल घाला. मी तशीच आत निघून आले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

दिवाळीनंतर एका कापूसवाल्यानं चाकांसाठी ती गाडी नेली, त्याला मळ्यातल्या गाड्याला टायर हवे होते. त्या सकाळी मला कुरुंद्याला जायचं होतं. मी पेटी घेऊन स्टँडवर जाऊन उभी राहिले. सर्व्हिस मोटार दोन तास उशिरा आली, आणि आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, पुढं बायकांना जागा नाही, मागं बसा.